पान्हा

आमच्या बेटावर झाड नव्हतं.
लाकूड यायचं ते समुद्रातून,
फुटलेल्या जहाजांचं, कुणाच्या तरी दुर्दैवाचं.
तसल्याच एका फळीतून टॉर्कुलमामाने
आपलं फिडल कोरलं होतं.
ज्या हिवाळ्यात मंडळीत संजीवन आलं,
त्याच हिवाळ्यात त्याने ते स्वतःच्या हाताने
चुलीत घातलं.
व्हर्निश जळताना निळी ज्योत उठली.
कुणी बोललं नाही.
त्या आचेवर आईने बटाटे उकडले.

ऐहिक.
देवाच्या नावाआधी मी हा शब्द शिकले असेन.
नाच ऐहिक, शीळ ऐहिक,
लोकर बडवताना बायका म्हणायच्या ती गाणी तर
फारच ऐहिक, कारण त्यात हसू यायचं.

बाबा मंडळीत स्तोत्र सांगायचे.
पेटी नाही, वाद्य नाही, उघडा गळा.
ते एक ओळ हवेत सोडत,
आणि मागून सगळे, ज्याचा त्याचा वेळ घेत,
कड्यावर पाखरं उतरावीत तसे
त्या सुरावर येऊन बसत.
मी बाकावर पाय हलवत असे. आई मांडीवर हात ठेवून थांबवे.

आईने गाणं सोडलं
आणि ब्लारगने पान्हा चोरला.
कपाळावर पांढरा ठिपका असलेली आमची एकुलती गाय.
आचळं ताठ, बादली कोरडी.
आईने स्तोत्र म्हणून पाहिलं, तेही सर्वांत लांबलचक.
ब्लारगने एक लाथ घातली.
"तिचं अजून मनपरिवर्तन झालेलं नाही,"
आई म्हणाली.
बाबा हसले नाहीत.
पाळण्यातला कॉनल तेव्हा सहा महिन्यांचा,
रडायलाही त्याच्यात जोर नव्हता.

पाचव्या पहाटे मला जाग आली.
गोठ्याच्या दाराशी थंडी घोट्यापर्यंत चढलेली.
आई ब्लारगच्या कुशीला कपाळ टेकून बसली होती
आणि गुणगुणत होती.
शब्द गिळून टाकलेले –
खाडीपल्याडचा तो मुलगा,
त्याची होडी, त्याचं खोटं वचन,
सगळं गिळून नुसती चाल.
गाईच्या अंगावरून एक शिरशिरी गेली.
मग बादलीत पहिली धार वाजली,
पत्र्यावर, बारीक, एकटी.

माझ्या मागे बाबा उभे होते, हातात कंदील.
आता ओरडतील म्हणून मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा कंदील जमिनीवर होता
आणि बाबा बाहेर, वाऱ्यात,
टोपी न घालता.

रविवारी तिसऱ्या ओळीवर
त्यांनी एका अक्षराला वळण दिलं.
एवढंसं. श्वासाएवढं.
पण मी ते ओळखलं,
ते वळण मी बादलीत पडताना ऐकलं होतं.
मंडळी त्याच वळणाने मागून आली,
शंभर गळे, डोळे मिटून, भक्तीने,
गोठ्यातून गेल्यासारखे.
आईने मान वर केली नाही.
पुढच्या बाकावर टॉर्कुलमामाच्या डाव्या हाताची बोटं
लाकडावर एकेक करून दाबली जात होती.

आता मी ग्लासगोत असते, चौथ्या मजल्यावर.
कॉनलची नात फोनवर विचारते,
कानात दिवसभर ही गाणी असतात, आत्या,
देवाला चालेल का?
मला कसं कळावं?
मी तिला म्हणते, दावीद राजा होण्याआधी
मेंढरांमागे एकटा हिंडत होता,
तेव्हा तो काय गुणगुणत होता,
ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
मेंढरांना माहीत असेल.

बाबांना मी एकदाच विचारलं होतं त्या वळणाबद्दल.
बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले.
"त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता," म्हणाले.

फिडलबद्दल मात्र
टॉर्कुलमामाला कधीच कुणी विचारलं नाही.
बटाटे आम्ही सगळ्यांनीच खाल्ले होते.